एका वर्षाचे वचन : डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस
आपल्या संस्थेच्या वार्षिक स्मरणिकेत एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र यावे, हा प्रघात जुना आहे. व गेली काही वर्षे ते लिहिण्याचे काम संपादक मंडळ आमच्याकडे सोपवीत आले आहे. आजवर आम्ही वसतिगृहाचे संस्थापक, देणगीदार, समाजातील पहिले पदवीधर अशा आप्त मंडळींची चरित्रे यथामति लिहिली. यंदा मात्र ज्ञातीच्या कुंपणाबाहेरील एक चरित्र आम्ही निवडले आहे. त्याचे कारण आरंभीच सांगितलेले बरे.

गेल्या स्नेहसंमेलनात, संस्थेची शिष्यवृत्ती घेऊन वैद्यकीय पदवी मिळविलेल्या एका मुलाचा सत्कार झाला, हे उपस्थितांस स्मरत असेल. नोकरीस लागण्यापूर्वी एक वर्ष आपण डोंगराळ मुलखातील एका धर्मादाय रुग्णालयात बिनपगारी काम करणार आहोत, असे त्याने उत्तरादाखल सांगितले. सभागृहात टाळ्या पडल्या; पण पंगत बसल्यावर निराळीच चर्चा सुरू झाली. बापाने कर्ज काढून शिकविले ते याकरिता काय, असे एकाचे म्हणणे पडले. दुसऱ्यांच्या मते एक वर्ष म्हणजे सेवा नव्हे, हौस होय. करावयाची तर जन्मभर करावी, नाहीतर आपला धंदा सांभाळावा. मुलाचे वडील मान खाली घालून जेवीत होते. अखेर आमचा अभिप्राय विचारण्यात आला, तेव्हा वाढप्यास मठ्ठ्याची आठवण करून देऊन आम्ही वेळ मारून नेली. त्या गोष्टीची रुखरुख आम्हास अद्याप आहे. डॉ. कोटणीस यांचे चरित्र पुन्हा वाचावयास काढले ते तिच्यामुळेच. कारण हेही गृहस्थ एका वर्षाकरिताच घराबाहेर पडले होते.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापूर येथे झाला. घर मध्यम स्थितीचे, दोन भाऊ व पाच बहिणी असा परिवार मोठा. त्या काळचे सोलापूर म्हणजे गिरण्यांच्या भोंग्यावर उठणारे व भोंग्यावर निजणारे गाव. १९३० च्या मे महिन्यात तेथे लष्करी कायदा पुकारण्यात आला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन हे चार वीर फाशी गेले. द्वारकानाथ त्या वेळी विशीत पदार्पण करीत होते. ज्या गावाने असे दिवस पाहिले, त्या गावच्या तरुणास केवळ पोटापाण्याचा विचार करून स्वस्थ बसणे कठीण गेले असल्यास नवल नाही.

वैद्यकाचे शिक्षण त्यांनी मुंबईस शेठ गोर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात घेतले. हे कॉलेज १९२६ साली निघाले. तेथे शिकविणारे सर्व अध्यापक हिंदी असावेत अशी त्याच्या स्थापनेमागील अटच होती, व परळच्या के. ई. एम. रुग्णालयाशी ते जोडलेले होते. पदवी मिळाल्यावर पुढील परीक्षेची तयारी चालली होती. आणखी दोन-चार वर्षांत नावाच्या पाटीखाली एक-दोन अक्षरे वाढली असती, दवाखाना निघाला असता, धाकट्या भावंडांचे मार्गी लागले असते. शिकलेल्या मुलाकडून आपण सर्वजण जी अपेक्षा करतो तीच त्या घराने केली असेल. ती गैर होती असे आम्ही म्हणणार नाही.

इतक्यात चीन देशाकडून हाक आली. जपानी सैन्याने ७ जुलै १९३७ पासून चीनवर उघड आक्रमण आरंभिले होते. त्या देशाच्या उत्तर भागात लढणाऱ्या आठव्या सैन्याचे सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंस पत्र लिहून डॉक्टरांची व औषधांची मागणी केली. १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्षपद सुभाषचंद्र बोस यांजकडे होते. त्यांनी देशास आवाहन केले. ७ ते ९ जुलै हे दिवस चीनच्या मदतीसाठी म्हणून पाळण्यात आले, आणि सुमारे २२,००० रुपये जमले. स्वतः पारतंत्र्यात असलेल्या देशाने दुसऱ्या संकटग्रस्त देशासाठी झोळी फिरवावी, ही गोष्ट साधी नव्हे. त्या रकमेतून रुग्णवाहिका व औषधे घेऊन पाच डॉक्टरांचे पथक पाठविण्याचे ठरले. पथकाचे प्रमुख डॉ. मदनमोहन अटल हे स्पेनच्या यादवी युद्धात शुश्रूषेचे काम करून आले होते. आपल्या नागपूरचे डॉ. मो. रा. चोळकर हे वयाने सर्वांत वडील. बंगालचे डॉ. देवेश मुखर्जी व डॉ. विजयकुमार बसू हे दोघे तरुण होते. (बसूंच्या जागी आधी दुसऱ्याच एका डॉक्टरांची निवड झाली होती, पण सरकारने त्यांस पारपत्र नाकारले.) पाचवे आमचे कोटणीस.

चीनविषयी त्या घरास काय माहिती होती? दारावर रेशमी कापड विकावयास येणारे चिनी फेरीवाले, एवढीच चीनची ओळख होती, असे त्यांच्या भगिनींनी पुढे सांगितले आहे. आपल्यापैकी कितीजणांस अधिक ठाऊक होते? अशा मुलखात, चालू लढाईत, घरचा मुलगा जाऊ म्हणतो तेव्हा आई-बापांच्या काळजात काय होत असेल याची कल्पना ज्याची त्याने करावी. तथापि घरच्यांची संमती मिळाली. एक गोष्ट येथे ध्यानात ठेवण्यासारखी आहे. डॉक्टरांनी काँग्रेसला किमान एक वर्ष काम करण्याचे वचन दिले होते. जन्मभराची दीक्षा त्यांनी घेतली नव्हती. वर्ष झाले की परत यावे व अभ्यास पुढे चालवावा, एवढाच बेत कोणाही शहाण्या माणसाने केला असता.

१ सप्टेंबर १९३८ रोजी राजपुताना नावाच्या बोटीने पथक मुंबईहून निघाले. हाँगकाँगवरून ते कँटन शहरी पोहोचले, तेथे डॉ. सुन यत् सेन यांच्या पत्नी सुंग चिंग लिंग यांनी त्यांचे स्वागत केले. पुढे हँको येथे काही काळ काम झाले. पण ऑक्टोबर सरण्यापूर्वीच कँटन व हँको ही दोन्ही शहरे जपान्यांच्या हाती पडली. पथक यांगत्सी नदीने वर सरकत चुंगकिंग या तात्पुरत्या राजधानीस गेले. प्रत्येक डॉक्टरास तेथे चिनी नाव मिळाले व प्रत्येक नावाच्या शेवटी चीन देशाचा वाचक असा हुआ हा शब्द जोडण्यात आला. कोटणीसांचे नाव के दीहुआ असे पडले. आजही त्या देशात ते याच नावाने ओळखले जातात.

चुंगकिंगहून उत्तरेकडे येनान येथे निघावयाचे, सामानाची बांधाबांध झालेली, अशा वेळी १९३९ च्या जानेवारीत घरून वार्ता आली की वडील परलोकवासी झाले.

ही जागा अशी आहे की चरित्रकाराने घाईने पुढे जाऊ नये. सहकाऱ्यांनी त्यांस परत जाण्याचा सल्ला दिला. तो योग्यच होता. घरी आई, भावंडे, डोक्यावर संसार. आपल्याकडे पित्याचे और्ध्वदेहिक हा पुत्राचा पहिला धर्म मानला आहे, आणि परगावी असलेला मुलगा बापाच्या दहाव्यास पोहोचला नाही तर गाव त्यास वर्षानुवर्षे नावे ठेवते. कोटणीसांनी विचार केला तो असा, की आपल्या घरावर मोठे दुःख कोसळले हे खरे. परंतु येथे निरपराध माणसे हजारोंनी मरत आहेत, आणि एक वर्ष सेवा करण्याचे जे वचन आपण दिले ते पुरे झाल्यावाचून परत फिरणे नाही. त्यांनी केले ते बरोबर की चूक, हा प्रश्न आम्ही अनेक वर्षे मनात घोळविला आहे. तरुणपणी आम्हास ते बरोबरच वाटे. स्वतः बाप झाल्यावर खात्री डळमळली. आज साठी ओलांडल्यावर आम्ही एवढेच म्हणतो, की त्या घरानेही त्या वर्षात काही दिले. आणि ते देताना त्यांस कोणी विचारले नव्हते. देणगीदारांच्या फलकावर अशा देणग्यांची नोंद होत नाही.

१२ फेब्रुवारी १९३९ रोजी पथक येनानला पोहोचले. जपानी विमानांच्या बाँबवर्षावात ते गाव उद्ध्वस्त झाले होते, म्हणून लोक पिवळ्या मातीच्या टेकड्यांत गुहा खोदून राहत. दवाखानेही गुहांतच. आमच्या सोलापूर भागातील जुन्या माणसांस राळ्याचा भात ठाऊक आहे. त्या मुलखाचे मुख्य अन्न तेच, राळे. गाठ पडली ती अशी. आठव्या सैन्याच्या रुग्णालयात डॉक्टर काम करू लागले व त्याबरोबर त्यांनी चिनी भाषेचा अभ्यास धरला. ती भाषा चित्रलिपीची. आम्ही चाळीस वर्षांत मुलांना बाराखडी शिकविताना घामाघूम झालो. अठ्ठावीस वर्षांच्या माणसाने दिवसभर जखमा शिवून रात्री हजारो अक्षरचित्रे घोकावी, हे आम्हास शस्त्रक्रियेहूनही अवघड वाटते. पुढे ते त्याच भाषेत विद्यार्थ्यांना व्याख्याने देऊ लागले.

१९३९ चा सप्टेंबर आला आणि वर्ष पुरे झाले. वचन फिटले. चोळकर व मुखर्जी त्या सुमारास स्वदेशी परतले. मुखर्जींची प्रकृती बिघडली होती व चोळकरांचे वय झाले होते. अटलही पुढे आजारामुळे आले. या मंडळींकडे कमीपणाने पाहण्याची काहींस सवय आहे. तीस आमची संमती नाही. कबूल केलेले वर्ष त्यांनी पुरेपूर दिले. कबूल करून न देणारे किती असतात, हे आम्हास स्वतःवरून ठाऊक आहे.

ती हकीकत येथे अस्थानी वाटेल, तरी सांगतो. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्या वर्षीच्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघा शिक्षक मित्रांसह तिकडे पंधरा दिवस होतो. पत्रे वाहिले, धान्य वाटले, आणि दुपारी एका पत्र्याच्या छपरीत मुले जमवून पाढे घेतले. त्यांच्या गावची शाळा पडली होती. पंधरा दिवसांत ती मुले आम्हास चिकटली. एक वर्षाची बिनपगारी रजा काढून तेथेच राहावे असे आमच्या मनाने घेतले, अर्ज लिहिलाही. परत आल्यावर सेवाज्येष्ठतेचा प्रश्न निघाला, घराच्या कर्जाचे हप्ते निघाले, आणि एका वरिष्ठांनी हसत हसत विचारले की तुमच्यावाचून तेथे काय अडले आहे. अर्ज खिशातून पेटीत गेला. निघताना मुलांना आम्ही सांगितले होते की मंजुरी आली की येतो. असो.

कोटणीस व बसू मागे राहिले. १९३९ च्या अखेरीस ते येनानहून आघाडीकडे निघाले. शान्सी, चाहार व होपे या तीन प्रांतांच्या सीमेवरील डोंगराळ मुलूख जपानी फळीच्या पाठीमागे चिनी सैन्याने धरून ठेवला होता. तेथे जावयाचे म्हणजे जपानी चौक्यांनी राखलेली लोहमार्गाची रेषा रात्री ओलांडावी लागे. याच मुलखात कॅनडाचे विख्यात शस्त्रवैद्य नॉर्मन बेथून काम करीत होते. शस्त्रक्रिया करताना बोटास जखम होऊन विष भिनले, आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजी ते वारले. १९४० च्या जूनमध्ये कोटणीस व बसू यांनी त्यांच्या समाधीचे दर्शन घेतले.

त्याच वर्षीच्या ऑगस्टात चिनी सैन्याने मोठी चढाई सुरू केली. जखमींची रीघ लागली. या मोहिमेत तेरा दिवसांत आठशेंहून अधिक जखमींवर कोटणीसांनी उपचार केले, व एकदा तर सलग ७२ तास झोप न घेता ते शस्त्रक्रिया करीत राहिले, असे सांगतात. रुग्णालय म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे इमारत येते. येथे शेतकऱ्यांच्या मातीच्या घरांत रुग्ण ठेवावयाचे, आणि शत्रू जवळ आला की रुग्ण व हत्यारांच्या पेट्या घेऊन डोंगर चढावयाचा. नाकेबंदीमुळे औषधांचा तुटवडा नित्याचा. बसू पुढे येनानला परतले. कोटणीस मात्र तेथेच राहिले, आणि जानेवारी १९४१ मध्ये बेथून यांचे नाव दिलेल्या आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे प्रमुखपद तिशीतील या सोलापूरकराकडे आले. त्याच नावाच्या वैद्यकीय विद्यालयात ते शस्त्रक्रियाशास्त्र शिकवीत. शेतकऱ्यांच्या पोरांतून डॉक्टर तयार करावयाचे, तेही लढाई चालू असता. शिक्षक या नात्याने आम्हास त्यांच्या आयुष्याचा हा भाग सर्वांत मोठा वाटतो. आठशे जखमी बरे करणारा हात एके दिवशी थकतो. पण त्या हाताखाली शिकून गेलेले हात पुढे काम करीत राहतात.

तेथील परिचर्या शिकविणाऱ्या कुओ चिंग लान या तरुणीशी त्यांची ओळख झाली व १९४१ च्या नोव्हेंबरात विवाह झाला. २३ ऑगस्ट १९४२ रोजी पुत्र झाला. यिन म्हणजे हिंदुस्थान आणि हुआ म्हणजे चीन, असे यिनहुआ हे नाव सेनापती निए रुंगचेन यांनी सुचविले. त्याच वर्षी जुलैत कोटणीस चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले होते. काही वाचकांस ही गोष्ट रुचणार नाही. पण चरित्र लिहावयाचे तर सोयीची तेवढीच पाने लिहून चालत नाही.

मिरगीचे झटके त्यांस त्याआधीपासून येऊ लागले होते. झटका ओसरला की पुन्हा काम. उपचारासाठी मागे सुरक्षित जागी जावे असा आग्रह झाला, पण त्यांनी मानला नाही. हेही आम्हास सर्वस्वी पटत नाही. दुसऱ्यास विश्रांती लिहून देणारा वैद्य स्वतःचे पथ्य पाळीत नाही, हा दोष थोरांच्या ठायीही दोषच होय. विद्यार्थ्यांकरिता शस्त्रक्रियेवरील पाठ्यपुस्तक ते चिनीत लिहीत होते. एक ग्रंथ पुरा होऊन दुसरा हाती होता. ८ डिसेंबर १९४२ च्या रात्री लिहीत असतानाच झटका आला, नंतर एकामागून एक येत गेले, आणि ९ डिसेंबरच्या पहाटे त्यांचा अंत झाला. वय अवघे बत्तीस. मुलगा साडेतीन महिन्यांचा. हिंदुस्थानात त्या वेळी, ज्या काँग्रेसने त्यांस पाठविले तिचे पुढारी तुरुंगात होते. माओ त्से तुंग यांनी शोकसंदेश लिहिला, सैन्याने मदतीचा हात व राष्ट्राने मित्र गमावला अशा आशयाचा. जवळच्याच गावी त्यांस मूठमाती मिळाली. पुढे १९५३ साली त्यांचे अवशेष शिचियाच्वांग शहरातील हुतात्म्यांच्या उद्यानात नेण्यात आले. तेथे त्यांची समाधी आहे.

आमच्या पिढीस डॉक्टर भेटले ते पडद्यावर. ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिले आणि १९४६ साली व्ही. शांताराम यांनी चित्रपट काढला. त्यात शांतारामबापूंनी स्वतः डॉक्टरांची व जयश्रीबाईंनी त्यांच्या पत्नीची भूमिका केली. आमच्या लहानपणी तो गावच्या पटांगणावर दाखविला गेला तेव्हा आम्ही पडद्याच्या उलट बाजूस बसून पाहिला होता. चित्रपटात गाणी आहेत; प्रत्यक्षात राळे होते. १९६२ साली दोन्ही देशांत युद्ध झाले, तरी चीनमध्ये त्यांचे नाव पुसले गेले नाही. १९७६ मध्ये त्यांचे स्मारकदालन उघडले, १९८२ साली चीनने व १९९३ साली भारताने त्यांचे टपाल तिकीट काढले. सोलापुरात भैय्या चौकातील त्यांच्या घरी २०१२ साली स्मारक झाले.

पत्नीचे व मुलाचे काय झाले, हे सहसा कोणी सांगत नाही. यिनहुआ बापाच्याच वाटेने वैद्यक शिकला. पण शिक्षण संपत आले असता १९६७ साली, पंचविशीच्या आतच निधन पावला. कुओ चिंग लान मात्र दीर्घायुषी झाल्या. त्या अनेकदा भारतात आल्या, सासरच्या माणसांत राहिल्या, आणि २८ जून २०१२ रोजी वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी वारल्या. नवऱ्याचा सहवास एक वर्षाचा, आणि त्याची आठवण वागविली ती सत्तर वर्षे.

पंगतीत एक वर्ष म्हणजे हौस, असे ज्यांनी म्हटले त्यांच्याविषयी आमच्या मनात राग नाही. ते आमचे स्नेही आहेत व वसतिगृहासाठी त्यांनी पदरमोड केलेली आहे. आमचे म्हणणे एवढेच की वर्ष देणारा माणूस ते देतेवेळी पुढचे जाणत नसतो. पाचांपैकी चौघे आले, एक आला नाही. बोटीत चढताना त्या पाचांत फरक कोणता होता?

तो मुलगा गेला. त्याचे वडील गेल्या महिन्यात आमच्या घरी आले होते. मेअखेर वर्ष पुरे होते, त्यानंतर तो परत येईल ना, असे त्यांनी विचारले. आम्ही मास्तर, म्हणून आम्हास ठाऊक असेल असे त्यांना वाटले. आम्ही त्यांना कोटणीसांच्या वडिलांविषयी काही सांगितले नाही. चहा झाला. मुलाचा रुग्णालयातील पत्ता त्यांच्याकडून लिहून घेतला, व दुसरे दिवशी त्याला एक पत्र टाकले.